तुमचे प्रश्न : ‘साऱ्याले हात लावतं, एक काम धड करत नाही’

प्रश्न : आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, फाट्यापासून आत. सकाळच्या एसटीने कॉलेजला जाते. दुपारची गाडी मिळाली तर उन्हं उतरायच्या आत घरी, नाही मिळाली तर दिवेलागण होते. घरी आई-बाबा, आजी आणि नववीतला भाऊ. वावर कोरडवाहू, कापूस आणि तूर.

अभ्यास ठीक चालला आहे, त्याबद्दल काही विचारायचं नाही. मला नवीन काहीतरी शिकत राहायची फार हौस आहे आणि आता तीच मला त्रास देते आहे. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी दिली, ग्रेड मिळाली, इंटरमिजिएट राहून गेली. बारावीच्या सुट्टीत काकूकडून क्रोशा शिकले. दाराला तोरण करायला घेतलं, दिवाळीच्या आत व्हायचं होतं, ते अर्धं होऊन पिशवीत पडलं आहे. मोबाइलवर इंग्रजी बोलायचे व्हिडिओ बघते, पण समोर कुणी आलं की तोंडातून शब्द फुटत नाही. तालुक्याला मराठी टायपिंगचा क्लास लावला, फी भरली आणि वेचणी सुरू झाल्यावर तो बुडाला.

आणि एक खंजिरी. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, संध्याकाळी देवळापुढच्या ओट्यावर सामुदायिक प्रार्थना होते. मंडळातल्या एका आजोबांनी एकदा त्यांची खंजिरी माझ्या हातात दिली आणि “वाजव” म्हणाले. तेव्हापासून त्यांच्याजवळ बसून शिकते. केरवा ताल बरा जमतो, पण भजन सुरू झालं की माझी लय पळते. पारावरची पोरं हसतात. एकजण तर म्हणाला, “खंजिरी वाजवून कलेक्टर होणार हायेस का?”

मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं आहे, प्रत्येक गोष्टीला अर्धा तास. थोडे दिवस चालतं. मग निंदण येतं, पाहुणे येतात, लाइन जाते. आई म्हणते, “साऱ्याले हात लावतं वं तू, एक काम धड करत नाही.” ती रागावून बोलत नाही, पण खरं असल्यामुळे लागतं. बाबांना कापसाच्या भावाची काळजी असताना मी क्रोशाची सुई घेऊन बसले की मलाच कसंतरी होतं. यातलं काय ठेवू आणि काय सोडू? शिकवणारं कुणी नसताना घरच्या घरी कसं शिकावं? आणि घरात ओढाताण असताना छंदाला वेळ देणं बरोबर आहे का?

— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रात पाच गोष्टी आहेत. त्यातल्या चार बुडाल्या म्हणून तू हळहळतेस. पाचवी बुडाली नाही, हे तुझ्या लक्षातही आलेलं दिसत नाही. लय पळते, पोरं हसतात, हे सगळं तू लिहिलंस. पण वेचणीत टायपिंगचा क्लास सुटला तेव्हा खंजिरी का नाही सुटली, ते लिहिलं नाहीस.

भिंतीवरच्या त्या वेळापत्रकात खंजिरीचा रकाना असेल असं मला वाटत नाही. तिला त्याची गरजच पडली नसेल. प्रार्थनेची वेळ झाली की ओट्यावर सतरंजी पडते, माणसं येऊन बसतात आणि आजोबा मान वळवून बघतात, पोरगी आली का. तू दमून आलेली असलीस तरी जातेस, कारण गेली नाहीस तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणार, “काल कुठं होती?” टायपिंगबद्दल असं तुला कुणी विचारत नाही. तोरणाबद्दल दिवाळीपर्यंत काकूने विचारलं असेल, मग तिनेही सोडून दिलं असेल.

माझी सगळी नोकरी आर्वी-कारंजाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. पोरं काय धरून ठेवतात आणि काय सोडून देतात, ते बघत आले. शिकायला जिद्द लागते हे खरंच आहे, पण जिद्द काही रोज सारखी नसते. ती नसते त्या दिवशी आपल्याला उठवून नेतं ते वाट बघणारं माणूस. म्हणून ‘काय ठेवू, काय सोडू’ हे तू आवडीवरून ठरवू नकोस आणि उपयोगावरूनही ठरवू नकोस. आवड तुला पाचही गोष्टींची आहे, आणि उपयोग काय होईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. तू जे शिकतेस त्याची घरात किंवा गावात कोण वाट बघतंय, एवढं बघ. कुणीच नसेल तर आधी तसं माणूस शोध, वेळेचं मग बघू.

आधी खंजिरीचं बोलू. भजनाबरोबर लय पळते तेव्हा दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, ठेका तोंडात बसलेला नसतो. केरवा आठ मात्रांचा : धा गे ना ति, न क धि न. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा. खंजिरी बाजूला ठेव आणि हे बोल नुसते तोंडाने म्हण. तबला शिकणारे याला पढंत म्हणतात आणि वर्षानुवर्षं करतात. बोल पक्के झाले की हाताने मांडीवर टाळी आणि खाली चालू ठेवायची आणि तोंडाने तुला पाठ असलेलं भजन म्हणायचं, अगदी सावकाश. शब्द लांबला तरी टाळी जागची हलता कामा नये. याला वाद्य लागत नाही, लाइन लागत नाही, एसटीत बसायला जागा मिळाली की झालं. दुसरं असं की भजन रंगात आलं की लय चढतेच, ती सगळे मिळून चढवतात. त्या वेळी तू स्वतःच्या हाताकडे बघत असशील. तिकडे बघू नकोस, भजन सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघ. तो श्वास कुठे घेतो ते कळलं की पुढची सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कुठे येणार ते कळतं.

खंजिरी कातड्याची असेल तर पावसाळ्यात तिचा आवाज बसतो. दमट हवेने कातडं सैल पडतं आणि कितीही जोरात मारलं तरी नुसतं भद्द वाजतं. अशा वेळी नवशिक्याला वाटतं की आपलाच हात चुकतो. चुलीच्या धगीवर, पण जाळापासून चांगलं लांब धरून, फिरवत फिरवत शेकायची आणि मधूनमधून बोटाने वाजवून बघायचं. आवाज मोकळा झाला की थांबायचं. फार जवळ नेलं तर कातडं तडकतं. उन्हाळ्यात याच्या उलट, फार ताणली जाऊन टणटण वाजते, तेव्हा ओलं बोट आतल्या बाजूने फिरवलं की उतरते. आजोबांना हे सगळं येत असणार. त्यांच्यासमोर एकदा करून बघ, म्हणजे पावसाळ्यात खंजिरी शेकायचं काम तुझ्याकडे येईल, आणि मंडळात तुझी जागा कायमची होईल.

हसणाऱ्या पोरांचं म्हणशील तर त्यांना उत्तर देत बसू नकोस. पण तुझ्या स्वतःच्या मनात शंका राहू नये म्हणून सांगते. तुमचं गुरुदेव सेवा मंडळ ज्यांनी सुरू केलं ते तुकडोजी महाराज म्हणजे १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेलं गरीब घरचं पोर, शाळा अर्धवट सुटलेली. ही खंजिरी हातात घेऊन त्यांनी गावंच्या गावं जागवली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, १९४२च्या आंदोलनात तुरुंगात गेले, १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. हे वाद्य हलकं नाही आणि ते फक्त पुरुषांचंही नाही. आज आपल्याकडे गावोगाव महिला भजन मंडळं आहेत. दिवसभर निंदून, वेचून आलेल्या बाया रात्री कमरेला पदर खोचून खंजिरी भजनाच्या स्पर्धेला उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहिल्या की पारावरची पोरं समोर येऊन बसतात. तुमच्या गावात असं मंडळ नसेल तर शेजारच्या गावात नक्की असेल. विचार.

आता टायपिंग. क्लास बुडाला याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. आजोबांकडे भजनांची हाताने लिहिलेली एखादी वही असेल. पानं पिवळी पडलेली, शाई पसरलेली, कुठे कडव्याची शेवटची ओळच फाटून गेलेली. अशा वह्या त्या माणसाबरोबर जातात आणि मग मंडळातल्या कुणालाच ते भजन पुरं येत नाही. ती वही मागून घे. जमेल तसं एकेक भजन टाइप कर आणि आजोबांना वाचून दाखव. एखादा शब्द तू चुकीचा लावला असशील तर ते सांगतील, एखादं गाळलेलं कडवं त्यांना आठवेल. पंचवीस-तीस भजनं झाली की छापून, शिवून मंडळाला दे. कोणत्याही क्लासच्या धड्यात एवढी जोडाक्षरं आणि एवढे ऱ्हस्व-दीर्घ मिळायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी विचारेल, “आज कोणतं झालं?”

घरी संगणक नसेल असं धरून चालते. कॉलेज सुटल्यापासून गाडी येईपर्यंतचा जो वेळ तू स्टँडवर काढतेस, तो संगणकाच्या खोलीत किंवा ग्रंथालयात काढता येईल का, ते विचारून बघ. एक भजन घेऊन जायचं, तेवढंच टाइप करायचं आणि गाडी धरायची. घरी बोटांच्या सरावासाठी पुठ्ठ्यावर किल्ल्या आखून घेतल्या तरी सुरुवातीला चालतं. संगणकावरच्या मराठी किल्ल्यांची इनस्क्रिप्ट नावाची मांडणी तर समजून घेतली की पाठ करावी लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली र, क, त, च ओळीने बसतात. ज्या किल्लीवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबलं की ख. त वर थ, च वर छ, प वर फ. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

पण आधी एक गोष्ट तपासून घे. तुझ्या क्लासात जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी शिकवत असतील तर ती पूर्ण वेगळी असते, आणि दोन्ही एकदम शिकायला गेलं की बोटं गोंधळतात. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. ते प्रमाणपत्र हवं असेल तर त्या परीक्षेला कोणती मांडणी चालते ते फी भरायच्या आत विचार, आणि भजनंही त्याच मांडणीत टाइप कर. फी भरलेल्या क्लासवाल्यांना जाऊन भेटही. वेचणीमुळे खंड पडला असं सरळ सांगितलं तर पुढच्या तुकडीत बसू देतात. आपल्या भागात हे कारण सगळ्यांना माहीत असतं.

तोरणाचं सोपं आहे. ते दिवाळीसाठी होतं, दिवाळी गेली, म्हणून ते बेवारस झालं. आता ते कुणाच्या तरी नावाने कर. आजीच्या देवघराला, नाहीतर नात्यात ज्या घरी लग्न ठरलं असेल त्या घराला. आणि देणार आहेस हे त्यांना आधीच सांगून टाक. विणायला बसण्याआधी उरलेल्या दोऱ्याचा चार बोटं नमुना विणून जुन्या भागाशेजारी ठेवून बघ. इतक्या दिवसांनी हाताचा ताण बदललेला असतो. आधीचं घट्ट आणि आताचं सैल झालं तर तोरण एका बाजूला ओघळतं. फरक दिसला तर सुई एक नंबर बारीक घे, किंवा रविवारी काकूजवळ बसून हात पुन्हा बसवून घे. ओळखीच्या हाताशेजारी बसलं की ताण आपोआप सारखा होतो.

इंग्रजीचे व्हिडिओ बंद कर असं मी म्हणणार नाही, पण त्यातून ऐकणं होतं, बोलणं होत नाही. रात्री जेवणं झाली की भावाला त्याच्या नववीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचून दाखव. मग पुस्तक मिटून तोच उतारा आपल्या साध्या इंग्रजीत सांग. तो अडवेल तिथे थांबायचं. नववीतला भाऊ बहिणीची चूक काढायची संधी सोडणार नाही, आणि तुला तेच हवं आहे. त्याचाही अभ्यास होईल.

चित्रकला सध्या राहू दे. तुझे विषय वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असतील तर प्रॅक्टिकलच्या वहीत ती रोज कामाला येतेच.

तू लिहिलंस, शिकवणारं कुणी नाही. त्याच पत्रात काकू आहे आणि आजोबा आहेत. आणि एक शिक्षक तुझ्या घरातच आहे, त्यांच्याकडून तू अजून काही मागितलेलं नाहीस. बाबांना सांग, मला कापसाचा धागा बघायला शिकवा. बोंडातून सरकीसकट चिमूटभर कापूस घ्यायचा, सरकीवरून तंतू ओढून काढायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढायचे, पुन्हा एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. असं करता करता आखूड तंतू गळून जातात आणि सगळे तंतू एका दिशेने सरळ होतात. मग ते काळ्या कापडावर ठेवून पट्टीने मोजायचे. साडेसत्तावीस ते बत्तीस मिलिमीटर भरला तर तो लांब धागा. जुने कास्तकार आणि जिनिंगवरची माणसं पट्टी न लावता नुसत्या बोटांनी सांगतात. तू विज्ञान शिकतेस, पट्टी लावून वहीत लिहून ठेव. पहिल्या वेचणीचा किती, तिसऱ्या वेचणीचा किती, हलक्या जमिनीतल्या तासाचा, म्हणजे ओळीचा, किती. या वहीची बाबा वाट बघतील की नाही, ते तूच मला पुढच्या पत्रात कळव.

आणि आता तुझा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त लागला. घरात ओढाताण असताना छंदाला वेळ द्यावा का? तू सुई खाली ठेवलीस म्हणून कापसाला क्विंटलमागे एक रुपयाही जास्त मिळणार नाही. बाबांची काळजी खरी आहे, पण तुझ्या हिरमुसण्याने ती कमी होत नाही, तिच्यात भर पडते. उलट आपल्याकडच्या घरांत मी हे पाहिलं आहे की ज्या घरात संध्याकाळी एखादं माणूस काहीतरी करत असतं, विणतं, वाजवतं, मोठ्याने वाचतं, त्या घरात बोलणं चालू राहतं. आणि बोलणं चालू असणं ही आपल्या भागात किती मोठी गोष्ट आहे, हे तुला मी सांगायला नको. म्हणून हे सगळं कोपऱ्यात लपून करू नकोस. ओसरीवर, बाबांच्या डोळ्यांदेखत कर. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताने काम करता करता शिकण्याची होती. आपल्याच मातीत झालेली गोष्ट आहे ती, आणि शिकणं म्हणजे कामातून अंग काढणं असं आजही कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

ते वेळापत्रक मात्र भिंतीवरून काढ. शहरातल्या मुलीला ते चालेल. तुझं वर्ष वावर ठरवतं. मृगाची पेरणी, मग निंदण-डवरण, दसऱ्याच्या सुमाराला सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून पहिली वेचणी, पुढे जानेवारीपर्यंत वेचण्या आणि तुरीची सोंगणी. मध्ये परीक्षा. वेचणीच्या दिवसांत नवीन काही सुरूच करायचं नाही. ओट्यावर जायचं आणि जमलं तर एखादं भजन टाइप करायचं, एवढं पुष्कळ झालं. बोटांना कापसाच्या बोंडांच्या काट्यांनी चिरा पडलेल्या असताना क्रोशा होत नाही, हे सांगून समजायची गोष्ट नाही, तुझ्या बोटांना ते माहीत आहे. नवीन धरायचं ते तूर घरात आल्यावर, फेब्रुवारी-मार्चात, नाहीतर परीक्षा संपल्यापासून मृग लागेपर्यंत. आणि आईला हे उत्तर वाचून दाखव. तिला तुझी धरसोड खुपत असेल असं मला वाटत नाही. अर्धवट पडलेल्या वस्तू घरात दिसतात, त्या तिला खुपत असतील. तोरण आधी पुरं कर.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा दहावीत आहे. सारखा मोबाइल घेऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, “बुद्धिबळ शिकून राहिलो.” ते खरं आहे की मोबाइलचं निमित्त आहे, हे मला कसं कळावं? मला बुद्धिबळातलं काही येत नाही.

— एक आई, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुम्हाला खेळ येत नसला तरी कळेल. घरात पट आणि सोंगट्या आणा, साधा संच फार महाग नसतो. त्याला सांगा की मोबाइलवर खेळलेला एक डाव रोज पटावर मांडून मला दाखव, आणि प्रत्येक चाल वहीत लिही. चाली लिहायची पद्धत ठरलेली आहे. उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना १ ते ८ आकडे, म्हणजे घोडा एफ३ असं लिहिलं की कोणता घोडा कुठे गेला ते जगात कुणालाही कळतं. खरंच शिकत असेल तर तो आवडीने मांडेल आणि कुठे चुकला तेही सांगेल. टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालं. ओरडायची गरज पडणार नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. आपल्या भागातल्या मुलांसाठी हे आता लांबचं राहिलेलं नाही. दहावीचं वर्ष आहे, म्हणून रोज एक डाव आणि त्याची वही, एवढं त्याच्याशी बोलून ठरवा आणि तुम्हीही त्या वेळी पटासमोर बसा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या गावच्या तलावावर आणि धानाच्या बांध्यांत पक्षी बघायचा मला नाद लागला आहे. दुर्बीण नाही. नावं नीट माहीत नाहीत. मित्र म्हणतात, पक्षी मोजून काय मिळणार? हा छंद पुढे कसा न्यावा?

— एक विद्यार्थी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : अरे, तू राहतोस कुठे ते बघ! नवेगावबांध तुझ्याच तालुक्यात. कोहळी समाजाने बांधलेले तलाव तुझ्या अवतीभवती, आणि हिवाळ्यात त्यांवर दूरदेशीची बदकं उतरतात. जंगल आणि पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला राहिले आणि ढिवर, गोंड, शेतकरी अशा माणसांकडून जंगल आणि पाखरं शिकले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. तुझी शाळाही तीच आहे, गावात विचारायला लाग.

दुर्बीण नसली तरी वही हवी. तारीख, वेळ, जागा, हवा. नाव माहीत नसेल तर रिकामं सोड, पण आकार लिही : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, की कावळ्याएवढा. चोच कशी, शेपूट हलते का, पाण्यात उभा होता की पाण्यावर तरंगत होता, एकटा की थव्याने. गावातले लोक त्याला काय म्हणतात तेही लिही. असं लिहिलेलं असलं की नाव नंतर कुणीही सांगू शकतो, आणि नुसतं नाव लिहिलं असेल तर ते चुकलं हे कधीच कळत नाही.

‘काय मिळणार’ म्हणणाऱ्या मित्रांना एक दिवस बांधीवर घेऊन जा, सारस दिसेल तिथे. महाराष्ट्रात सारस आता तुमच्याच बाजूला राहिला आहे, गोंदिया आणि आसपास. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुतेक दोनच अंडी घालतो, आणि ती वाचतात ती शेतकऱ्याने ठरवलं तरच. घरटं दिसलं तर जवळ जायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. लांबून बघायचं आणि ज्याची बांधी असेल त्याच्याशी बोलायचं. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वनखातं, पक्षीमित्र आणि शेतकरी मिळून सारसांची गणना करतात. पहाटे ठरलेल्या जागी जाऊन बसणारी, नजर पक्की असलेली पोरं त्यांना हवीच असतात. वही घेऊन जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि मला यंदाच्या गणनेला यायचं आहे असं सांग. एप्रिलमध्ये जा, मे महिन्यात त्यांची याद्या करायची घाई असते.